युरोव्हिजनची पहिली वर्षं: गाण्यांनी तारली की गुणफलकाने?

मोरपंखी_सांज | शनिवार, रात्री ९:४०

मंडळी, गेली सहा वर्षं मी नेदरलँड्समधल्या हिल्व्हरसमला राहते. हे रेडिओचं गाव. जुन्या युरोपीय रेडिओंच्या तबकडीवर या गावाचं नाव छापलेलं असायचं. शेजारी एक आजी आहेत, पंचाहत्तरी ओलांडलेल्या. मे महिन्यात युरोव्हिजन गीतस्पर्धा लागली की मला हाक येते. यंदा अर्ध्यातच त्यांनी आवाज बारीक केला आणि म्हणाल्या, "आमच्या वेळी ना हा झगमगाट होता, ना इतके देश. पण गुण मोजायला लागले की घरात कोणी पाणी प्यायलाही उठत नसे."

तेव्हापासून मी सुरुवातीच्या वर्षांच्या मागे लागले आहे. पहिली स्पर्धा २४ मे १९५६ ला स्वित्झर्लंडमधल्या लुगानोत झाली. सात देश, प्रत्येकाची दोन गाणी, एकूण चौदा. यजमान स्वित्झर्लंडची लीस असिया जिंकली. पण कोणाला किती गुण मिळाले हे कधीच जाहीर झालं नाही. दुसरा कोण, तिसरा कोण, काही नाही. दोन-दोन परीक्षक बंद खोलीत बसले, त्यांना स्वतःच्या देशालाही मत देता येत होतं, आणि लक्झेंबर्गचे परीक्षक आलेच नाहीत म्हणून त्यांची मतं स्विस परीक्षकांनी दिली! चित्रीकरण म्हणाल तर शेवटी लीस असियाने पुन्हा गायलेलं गाणं तेवढं उरलंय. त्यात ती गहिवरून अडखळते आणि पुन्हा सुरुवात करते. मी तो तुकडा किती वेळा पाहिला असेन.

दोन वर्षांनी, १९५८ ला, स्पर्धा माझ्या याच गावात झाली. त्यात इटलीच्या दोमेनिको मोदुन्योने जे गाणं गायलं ते जग आज 'व्होलारे' म्हणून ओळखतं. ते तिसरं आलं.

तर माझा प्रश्न असा: परीक्षक इतके चुकत होते का? आणि चुकत असतील, तर अशा सुरुवातीनंतर ही स्पर्धा टिकली कशामुळे?

पावशेर | रात्री १०:०२

व्होलारे तिसरं??? मग पहिलं काय होतं?

तंबोरा | रात्री १०:३५

@पावशेर, पहिला फ्रान्सचा आंद्रे क्लाव्हो, 'दोर, मोन आमूर' या गाण्याला. त्याला २७ मतं, लीस असियाला २४ आणि मोदुन्योला १३. त्या संध्याकाळी मोदुन्यो सगळ्यात पहिला गायला, पण प्रक्षेपणात बिघाड होऊन ते काही देशांत नीट पोचलंच नाही. म्हणून सगळ्यांचं गाऊन झाल्यावर त्याला पुन्हा उभं केलं. एकाच स्पर्धेत दोनदा गाऊनही तिसरा! पुढच्या वर्षी अमेरिकेत ग्रॅमी पुरस्कार सुरू झाले, तेव्हा वर्षातलं उत्तम गीत आणि उत्तम ध्वनिमुद्रण हे दोन्ही पहिलेवहिले मान याच गाण्याला मिळाले.

तरीही परीक्षकांना दोष देण्याआधी पद्धत बघा. १९५७ पासून प्रत्येक देशात दहा परीक्षक बसायचे आणि प्रत्येकाला एकच मत. म्हणजे दहाही जणांना तुमचं गाणं दुसऱ्या क्रमांकाचं आवडलं, तर तुमच्या पदरात शून्य. दोघांना फार आवडलं आणि आठ जणांना अजिबात नाही, तर दोन. एका मतात दुसऱ्या पसंतीला जागाच नसते. आणि नवीन धाटणीचं गाणं तर एका ऐकण्यात बहुधा दुसऱ्या पसंतीलाच उतरतं. मी लहान गावांतल्या गायनस्पर्धांना परीक्षक म्हणून बसलो आहे. सांगतो, एकदा ऐकून एकच नाव लिहायचं असेल तर हात आपोआप ओळखीच्या चालीकडे वळतो.

शेवंता | रात्री ११:१०

तंबोरा, पद्धतीचं पटलं. पण हरलेलं गाणं मोठं झालं म्हणून जिंकलेलं लगेच सामान्य ठरवायचं का? क्लाव्होचं गाणं मी आत्ताच ऐकलं. अंगाईच्या लयीचं, आवाज मधासारखा. त्याला कुठे जग जिंकायचं होतं? घरातली म्हातारी माणसं आणि अर्धवट झोपलेली पोरं एकत्र ऐकत असतील तर मीही त्यालाच मत दिलं असतं. आणि मोदुन्यो तरी पुढे काय जिंकला? १९५९ ला सहावा आला आणि १९६६ ला चक्क शून्य गुण. तेव्हा तर त्याचं नाव जगभर झालेलं होतं. परीक्षक नावाला भुलत नव्हते हे यातून दिसतंच की.

वायरमन_दादर | रविवार, सकाळी ७:१५

सुप्रभात. उभी हयात प्रक्षेपणाच्या कामात गेली, म्हणून हा धागा पाहून राहवलं नाही.

तुम्ही सगळे गाण्यांकडे बघताय. माझ्या मते १९५६ ची खरी कामगिरी तारांची आणि मनोऱ्यांची आहे. युरोपीय प्रक्षेपण संघटना १९५० ची. ५३ साली लंडनचा राज्याभिषेक फ्रान्स, हॉलंड, जर्मनीत थेट दिसला. जून १९५४ मध्ये माँत्र्योच्या फुलांच्या उत्सवाने युरोव्हिजनचं जाळं रीतसर सुरू झालं. जाळं तर बांधलं, आता त्यावर नियमित दाखवायचं काय? संघटनेतले स्विस अधिकारी मार्सेल बेझाँसों यांच्या डोक्यातून गाण्यांच्या स्पर्धेची कल्पना आली. नमुना इटलीतल्या सान रेमो गीतमहोत्सवाचा. जानेवारी १९५५ ला मोनाकोत चर्चा, त्याच वर्षी ऑक्टोबरात रोमला मंजुरी.

आता अडचण ऐका. ब्रिटनचं टीव्हीचित्र ४०५ रेषांचं, फ्रान्सचं ८१९ रेषांचं, बाकी बहुतेकांचं ६२५. एकाचं चित्र दुसऱ्याच्या संचावर दिसायचंच नाही. मग रूपांतर कसं? एका प्रमाणातलं चित्र पडद्यावर आणायचं आणि दुसऱ्या प्रमाणाचा कॅमेरा त्या पडद्याकडे रोखायचा! डोंगरांवरच्या मनोऱ्यांवरून सूक्ष्मलहरी एकाकडून दुसऱ्याकडे. एका मनोऱ्याने मान टाकली की पुढचा अख्खा देश आंधळा. मोदुन्योला दोनदा गावं लागलं ते यामुळेच. ते वाचताना माझ्या पोटात गोळा आला, कारण त्या वेळी नियंत्रण कक्षात काय चाललं असेल ते मला दिसतं.

आणि चित्रीकरण का नाही म्हणून हळहळता, तर थेट कार्यक्रम जपायचा म्हणजे पडद्यासमोर चित्रपटाचा कॅमेरा लावून फिल्म खर्ची घालावी लागे. १९५६ ला युरोपात बहुतेक घरांत टीव्ही नव्हताच, रेडिओ होता. लुगानोचा कार्यक्रम बहुतेकांनी कानांनी पाहिला.

पावशेर | सकाळी ८:०५

"कानांनी पाहिला". दादा, सकाळ सार्थकी लागली.

लेझीम | सकाळी ९:३०

१९५७ ची फ्रँकफर्टची स्पर्धा पूर्ण बघायला मिळते. दोन गोष्टी जरूर बघा. डेन्मार्कच्या बिर्टे विल्के आणि गुस्ताव विन्क्लर यांचं युगुलगीत. निरोपाच्या शेवटी चुंबन आहे. ते थांबवायची खूण करायला रंगमंचामागचा माणूस विसरला म्हणतात, त्यामुळे ते दहा-अकरा सेकंद चाललं. ५७ साल! किती घरांत आजोबांनी घसा खाकरला असेल. दुसरं म्हणजे इटलीचं गाणं पाच मिनिटांच्या वर आणि ब्रिटनचं दोन मिनिटांच्या आत. त्यानंतर वेळेचा नियम कडक झाला.

जर्मनीची गायिका तर टेलिफोन हातात घेऊन टेलिफोनवरचंच गाणं गायली. मला खूपच आवडली.

वायरमन_दादर | सकाळी ९:५२

@लेझीम, आणि त्याच वर्षी मतंही पहिल्यांदा टेलिफोनवरून आली! प्रत्येक देशाला फोन, तिकडून आकडे आणि इकडे फलकावर बेरीज. लुगानोत यातलं काही नव्हतं. धागाकर्तीच्या प्रश्नाचं माझं उत्तर हेच: गुणफलकाने तारलं. गाणं संपलं की माणूस उठून जातो, बेरीज चालू असेपर्यंत उठत नाही.

शेवंता | सकाळी १०:२०

नाही पटत, दादा. गाणंच नसेल तर बेरीज कशाची?

घाटमाथा | सकाळी ११:४५

थोडं अवांतर. लुगानोची तारीख वाचून मी थबकलो. आपलं गीतरामायण पुणे आकाशवाणीवरून १ एप्रिल १९५५ ला सुरू झालं आणि १९ एप्रिल १९५६ ला शेवटचं गीत झालं. म्हणजे इकडे ते संपलं आणि पाचच आठवड्यांनी तिकडे युरोव्हिजन सुरू झालं. आमच्या वाड्यात एकच रेडिओ होता, तो खिडकीत ठेवायचे आणि खाली चौकात सतरंज्या. आई सांगायची, रेडिओला हार घालून उदबत्ती लावलेली तिने पाहिली आहे. आपल्याकडे टीव्ही नव्हताच. दिल्लीला ५९ ला, मुंबईला ७२ ला आला. पण ठरल्या वेळी सगळ्या गावाने एकच गाणं ऐकायचं, ही गोष्ट दोन्हीकडे एकाच सुमाराला घडत होती. आपल्याकडे गुणफलक नव्हता, तरी माणूस हलत नव्हता. तेव्हा माझं मत शेवंताला.

तंबोरा | दुपारी १२:१०

घाटमाथा, सुंदर. आणखी एक साम्य: वाद्यवृंद समोर बसलेला असायचा. युरोव्हिजनमध्ये प्रत्येक देश आपला संगीत संचालक आणायचा, तो यजमानांच्या वाद्यवृंदासमोर काठी घेऊन उभा राहायचा. हे १९९८ पर्यंत चाललं. जुन्या चित्रफितींत गायकाच्या आधी तो वाकून नमस्कार करतो, ते मला फार भावतं.

मांडवीकाठ | दुपारी ३:४०

मी पणजीची. या स्पर्धेशी आमच्या गोव्याचा एक धागा आहे आणि तो कोणी सांगत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

पोर्तुगाल पहिल्यांदा उतरला तो १९६४ ला, कोपनहेगनमध्ये. गोवा मुक्त होऊन जेमतेम सव्वादोन वर्षं झाली होती आणि तिकडे हुकूमशहा सालाझार अजून सत्तेवर होता. आंतोनियु काल्वारियु गायला, शून्य गुण मिळाले. त्या रात्री दोन गाण्यांच्या मधल्या वेळात एक माणूस फलक घेऊन थेट रंगमंचावर आला. फलकावर मजकूर होता: फ्रँको (स्पेनचा हुकूमशहा) आणि सालाझार यांच्यावर बहिष्कार घाला. त्याला बाहेर काढेपर्यंत कॅमेरा गुणफलकावर धरून ठेवला. या स्पर्धेचंही पूर्ण चित्रीकरण आज नाही, ध्वनिमुद्रण आहे.

आता दुसरी बाजू. त्या रात्री, २१ मार्च १९६४ ला, आपले मोहन रानडे पोर्तुगालच्या तुरुंगात होते. मूळ सांगलीचे, गोव्यात शिक्षक म्हणून आलेले, १९५५ पासून कैदेत. गोवा सुटला, तरी ते सुटले नाहीत. जानेवारी १९६९ मध्ये सुटका झाली. गायक बिचारा गुण घेऊन काय करणार होता? त्याचा राग मला कधीच आला नाही. पण तो फलक उचलणारा अनोळखी माणूस मला आमच्यातलाच वाटतो.

पुढचं तर अजून विलक्षण. १९७४ ला, ज्या वर्षी ब्रायटनला ॲबा जिंकले, त्या वर्षी पोर्तुगालचा पाउलु द कार्व्हाल्यु तीन गुण घेऊन शेवटच्या देशांत राहिला. अठरा दिवसांनी, २४ एप्रिलच्या रात्री अकराला पाच कमी असताना, त्याचं तेच गाणं लिस्बनच्या रेडिओवर वाजलं. सैन्यातल्या तरुण अधिकाऱ्यांची ती ठरलेली पहिली खूण होती. दुसऱ्या दिवशी हुकूमशाही कोसळली. नव्या सरकारने ३१ डिसेंबर १९७४ ला भारताशी करार करून गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं. शेवटच्या क्रमांकाच्या गाण्याचा हा प्रवास आठवला की अजून काटा येतो.

पावशेर | दुपारी ४:००

निःशब्द. हे शाळेत का नाही शिकवत?

घाटमाथा | दुपारी ४:२५

मांडवीकाठ, हात जोडतो. आणि बघा धागा कुठे जुळतो: रानड्यांच्या सुटकेसाठी ज्यांनी वर्षानुवर्षं खटपट केली, त्यांत सुधीर फडके होते. गीतरामायणाचे बाबूजी! दादरा-नगर हवेलीच्या मुक्तिसंग्रामातही ते उतरले होते. मी सकाळी गीतरामायण काढलं तेव्हा हे डोक्यात नव्हतं.

बोरीबंदर | संध्याकाळी ५:१०

छान माहिती, पण धागा गाण्यांचा आहे, राजकारण नको असं वाटतं. उगाच भरकटतो.

मोरपंखी_सांज | संध्याकाळी ५:३०

बोरीबंदर, मला हे भरकटणं वाटत नाही. युद्ध संपून अकराच वर्षं झालेली असताना जर्मनी, फ्रान्स, हॉलंड एका रंगमंचावर आले होते. लुगानोत सगळ्यांत पहिलं गाणं गायली ती हॉलंडची जेट्टी पार्ल. ही ज्यू गायिका युद्धात लंडनहून 'रेडिओ ओरान्ये'वर गायची आणि व्यापलेल्या हॉलंडमधली माणसं लपवलेल्या रेडिओवर तिला ऐकायची. तिने त्या संध्याकाळी पक्ष्यांवरचं गाणं गायलं. राजकारण आधीपासूनच रंगमंचावर होतं. मांडवीकाठ, तू लिहिलंस याचा मला खूप आनंद आहे.

लेझीम | संध्याकाळी ६:४५

परीक्षकांच्या मुद्द्यावर परत. १९६३ चं नॉर्वे प्रकरण कोणी काढलं नाही? लंडनला केटी बॉयल गुण विचारत होत्या. नॉर्वेने आकडे ठरलेल्या पद्धतीने दिले नाहीत, म्हणून त्यांना नंतर पुन्हा विचारू म्हणून सांगितलं. दुसऱ्यांदा विचारलं तर आकडे बदललेले! शेवटी डेन्मार्क ४२, स्वित्झर्लंड ४०. पहिलेच आकडे धरले असते तर स्वित्झर्लंडची एस्टर ओफारीम जिंकली असती. शेजाऱ्याने शेजाऱ्याला जिंकवलं हा संशय तेव्हापासूनचा.

तंबोरा | संध्याकाळी ७:२०

पहिले आकडे अंतिम नव्हते, असं त्यांचं म्हणणं होतं. डेन्मार्कचं गाणं मात्र अस्सल होतं. यॉर्गन इंगमान यांची गिटार आणि ग्रेट इंगमान यांचा आवाज, दोनच माणसं. माझ्या मते त्या दशकातलं ते सगळ्यात नाजूक गाणं. ओफारीमवर अन्याय झाला असेल, पण गाण्यावर नाही झाला.

गुणांची पद्धत तर दर दोन-तीन वर्षांनी बदलत होते. ६२ ला आवडत्या तीन गाण्यांना ३-२-१, ६३ ला ५ पासून १ पर्यंत, ६४ ला ५-३-१, आणि ६७ ला पुन्हा एका माणसाला एक मत. त्याचं फळ १९६९ ला माद्रिदमध्ये मिळालं: स्पेन, ब्रिटन, हॉलंड, फ्रान्स, चौघांना १८-१८! बरोबरी सोडवायचा नियमच नव्हता. चार विजेत्या. पुढच्या वर्षी नाराज होऊन कितीतरी देश आले नाहीत, ॲमस्टरडॅमला बाराच उरले. स्पर्धा तिथेच संपायची वेळ आली होती.

बोरीबंदर | रात्री ८:०५

आदल्या वर्षीचं पण लिहा ना! १९६८, लंडन, पहिल्यांदा रंगीत प्रक्षेपण. आपल्या लखनौत जन्मलेला क्लिफ रिचर्ड एका गुणाने हरला. स्पेनची मासिएल २९, क्लिफ २८. मला आजही चुटपुट लागते. (हे राजकारण नाही, जिव्हाळा आहे.)

मांडवीकाठ | रात्री ८:२०

आता कसं! पण बोरीबंदर, त्यातही आहेच हो राजकारण. मासिएलचं ते गाणं आधी जुआन मानुएल सेर्रात गाणार होता. कातालान भाषेतच गाईन म्हणून तो अडून बसला आणि फ्रँकोच्या स्पेनमध्ये ते चालणार नव्हतं. त्याच्या जागी मासिएलला पाठवलं. आपल्या भाषेसाठी एवढी मोठी संधी सोडणारा माणूस मला विजेत्याहून मोठा वाटतो.

शेवंता | रात्री ९:००

भाषेवरून लिहिते. पहिल्या दहा स्पर्धांत सहा वेळा फ्रेंच गाणं जिंकलं, दोनदा डच, एकदा डॅनिश, एकदा इटालियन. इंग्रजी एकदाही नाही! १९६५ ला स्वीडनने ऑपेरा गायक पाठवला आणि तो इंग्रजीत गायला. त्यावरून कुरबुर झाली आणि ६६ पासून आपापल्या देशाच्याच भाषेत गायचा नियम आला. मला हे फार मोलाचं वाटतं. फिनिश किंवा नॉर्वेजियन गाणं शब्द न कळता अख्ख्या युरोपने तीन मिनिटं शांतपणे ऐकायचं. माझी मुलगी बंगळुरात वाढली, तिच्या वर्गात दर शुक्रवारी एकेका मुलाने आपल्या भाषेतलं गाणं म्हणायचं असायचं. ती 'ये गं ये गं सरी' म्हणून आली होती तो दिवस मला आठवतो.

तंबोरा | रात्री ९:२५

ऐकायचं खरं, पण ६३ ला फिनलंड, नॉर्वे, स्वीडन तिघांनाही शून्य मिळालं, शेवंता. भाषा न कळण्याची किंमत छोट्यांनीच मोजली. नियम असावा असं मलाही वाटतं, पण तो पाळणारे सारख्या जागेवर उभे नव्हते.

शेवंता | रात्री ९:३२

हे मान्य. चौथं शून्य हॉलंडचं होतं बहुतेक, आधी दोनदा जिंकूनही.

वायरमन_दादर | सोमवार, सकाळी ६:५०

रात्रभर विचार केला. घाटमाथांच्या सतरंज्या डोळ्यांसमोरून हलेनात. मी गुणफलक म्हणालो होतो, त्यात थोडी सुधारणा करतो. फोनवरून दूरदेशीचा आवाज यायचा, "हॅलो, ऐकू येतंय का?", आणि तो आवाज पोचायचा. मला वाटतं लोक आकड्यांइतकेच त्या आवाजासाठीही थांबत असतील. लाइन लागण्याचा आनंद आम्हाला आयुष्यभर झाला, प्रेक्षकांनाही झाला असणार.

मोरपंखी_सांज | सोमवार, रात्री १०:१५

मंडळी, आज संध्याकाळी आजींकडे गेले होते. तुमचे प्रतिसाद जमेल तसे डचमध्ये सांगितले. १९५८ ची रात्र त्यांना आठवते. गावात स्पर्धा, पण घरी टीव्ही नाही, म्हणून वरच्या मजल्यावरच्या कुटुंबाकडे सगळे जमले होते. आदल्या वर्षी जिंकलेली कॉरी ब्रोकन पुन्हा गायली आणि तिला एकच मत मिळालं. आजी तेव्हा नऊ वर्षांच्या. त्या रडल्या. पुढे हीच कॉरी ब्रोकन १९७६ ला स्पर्धेची निवेदिका झाली आणि त्यानंतर कायदा शिकून न्यायाधीश झाली. आजी म्हणाल्या, "एका मताने तिचं काही बिघडलं नाही, मीच उगाच रडले." मोदुन्यो आठवतो का विचारलं, तर म्हणाल्या, "हात पसरणारा माणूस? हो. माझ्या वडिलांनी त्याची नक्कल केली आणि दिव्याला धक्का लागला."

मग मी त्यांना लुगानोचं ध्वनिमुद्रण लावून दिलं. पहिलं गाणं सुरू झालं आणि जेट्टी पार्लचा आवाज आला. आजींनी हात वर करून मला थांबवलं. त्यांच्या आईने युद्धात हा आवाज तळघरात, अंगावर पांघरूण घेऊन ऐकला होता आणि नंतर कुठेही ऐकला की ती हातातलं काम खाली ठेवायची. आजी दुसऱ्या कडव्यापासून बरोबर गुणगुणायला लागल्या. गाणं संपल्यावर म्हणाल्या, परत लाव.

तीनदा लावलं. पुढची तेरा गाणी उद्या.

पावशेर | रात्री १०:२१

ताई, उद्या त्यांना विचारा ना, लीस असियाला त्या मत देतील की जेट्टीला? गुण आम्ही इथे मोजतो.